उजेड भिंतीवरून येतो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वास्तू आणि उजेड या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कोणता दिवा घ्यावा हे विचारणारी होती. ती मी बाजूला ठेवली आहेत, कारण त्यांची उत्तरे विजेच्या सामानाचा दुकानदार माझ्यापेक्षा चांगली देईल. उरलेल्यांतील आठ प्रश्न येथे घेतले असून लांब पत्रांचा केवळ आशय दिला आहे.

प्रश्न : आमच्या नव्या सदनिकेच्या दिवाणखान्याला जवळजवळ भिंतभर खिडकी आहे. तरीही दुपारी खोलीचा आतला भाग काळवंडलेला वाटतो आणि खिडकीकडे पाहिले की डोळे दिपतात. आजोळच्या वाड्यात खिडक्या वीतभर होत्या, पण ओसरीवर बसून दिवसभर निवडणे-टिपणे, वाचणे चालत असे आणि दिवा लावावासा कोणालाच वाटत नसे. हा केवळ आठवणींचा खेळ आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आठवणींचा थोडा हात असेलच, पण तुमचे निरीक्षण खरे आहे. आपल्या भाषेत ‘ऊन’ आणि ‘उजेड’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या भेदातच आहे. ऊन सूर्याकडून थेट येते. उजेड म्हणजे ते ऊन आभाळावर, जमिनीवर, समोरच्या भिंतीवर आणि छतावर आदळून, विखरून आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे जे होते ते. खिडकी फक्त कच्चा माल आत घेते. खोलीतला उजेड तयार होतो तो भिंतींवर.

भर उन्हात मोकळ्या जागी साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, ढगाळ दिवशी दहा-वीस हजार, आणि चांगल्या उजेडाच्या म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत दोन-तीनशे. इतका प्रचंड फरक डोळा सांभाळून घेतो, कारण तो प्रकाश मोजत नाही, तुलना करतो. तुमच्या भिंतभर खिडकीतून आभाळाचा एक झगझगीत चौकोन सतत नजरेसमोर राहतो, डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्या मानाने बाकीची खोली काळी पडते. खिडकी आणखी मोठी केलीत तर खोली आणखी अंधारी वाटण्याचा संभव आहे.

वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला आभाळ जवळजवळ दिसतच नसे, कारण वळचण खाली उतरलेली असे. त्याला दिसे ती चौकापलीकडची चुन्याने रंगवलेली भिंत आणि चौकातली फरसबंदी. ऊन त्या फरसबंदीवर पडे, तेथून उसळून वळचणीखाली शिरे, ओसरीच्या तक्तपोशीला (लाकडी छताला) लागे आणि मग खाली मांडीवरच्या सुपात उतरे. हा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा उजेड होता. तो कमी होता, पण सगळीकडे सारखा होता आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे झगझगीत असे काही नजरेच्या टप्प्यात नव्हते.

चुन्याची ताजी सफेदी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ऐंशी टक्के परत पाठवते. म्हणजे पहिल्या उसळीनंतर शंभरातले ऐंशी उरतात, दुसरीनंतर चौसष्ट, तिसरीनंतर एक्कावन्न. हल्ली आवडीने लावला जाणारा मातकट किंवा राखाडी रंग चाळीसच टक्के परत देत असेल, तर तोच हिशेब चाळीस, सोळा आणि सहा असा होतो. एका उसळीत फरक दुपटीचा दिसतो, तिसऱ्या उसळीपर्यंत तो आठपट होतो. खिडकीपासून पंधरा फूट आत बसलेल्या माणसाला मुख्यतः या दुसऱ्या-तिसऱ्या उसळीवरच गुजराण करावी लागते.

म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी छत आणि खिडकीला काटकोनात असलेल्या दोन्ही बाजूच्या भिंती पांढऱ्या करा. रंग झिलईचा नको, मंद पोताचा हवा. चकचकीत पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो खरा, पण आरशासारखा एकाच दिशेने, त्यामुळे भिंत उजळण्याऐवजी भिंतीत दुसरी खिडकी दिसू लागते. गडद चकचकीत फरशीचेही तसेच होते. जुन्या जाड भिंतींत खिडकीच्या बाजू आतल्या अंगाला पसरत नेलेल्या असत. त्या उतरत्या बाजूंवर मध्यम उजेड पडे आणि लख्ख आभाळ व अंधारी भिंत यांच्यामध्ये नजरेला एक पायरी मिळे. आजच्या सहा इंची भिंतीत ते जमत नाही, पण खिडकीभोवतीची पट्टी पांढरी ठेवली तरी थोडा गुण येतो.

मात्र वाड्याचे कौतुक करताना माजघर विसरू नये. चौकाचा उजेड ओसरीपर्यंत येई, माजघरात त्याची आठवण तेवढी पोहोचे, आणि घरातल्या बायकांचा दिवस बव्हंशी तेथेच जाई.

प्रश्न : आमच्या गावातील जुन्या हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्याला पांढऱ्या चकचकीत फरशा लावल्या आणि दोन ट्यूबलाइट बसवल्या. स्वच्छता वाढली, पण दर्शन घेताना पूर्वीसारखे काही वाटत नाही. तरुण मंडळी म्हणतात की जुन्या लोकांना अंधाराची सवय होती, एवढेच. (एक ज्येष्ठ वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : अंधाराची सवय होण्यासाठीच तर ते देऊळ तसे बांधले होते. बाहेरच्या उन्हातून काळोखात शिरल्यावर डोळ्यांतील भरपूर उजेडात पाहणाऱ्या शंकू पेशी दहाएक मिनिटांत स्थिरावतात आणि मंद उजेडात पाहणाऱ्या दंड पेशींना पुरते सज्ज व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. उघडे प्रांगण, मग खांबांचा मंडप, मग अंतराळ (मंडप आणि गाभारा यांच्यामधली छोटी जागा), मग गाभारा, अशी वाट ठेवली की दर टप्प्यावर उजेड कमी होत जातो आणि भाविक सावकाश चालत असल्याने डोळा त्याच्याबरोबर निवत जातो.

हा क्रम अगदी उलगडून पाहायचा असेल तर शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जावे. तेथे सर्वांत पुढे स्वर्गमंडप आहे. त्याच्या मधोमध छतच नाही. बारा खांबांच्या वर्तुळावर सुमारे तेरा फूट व्यासाचे गोल आभाळ उघडे ठेवले आहे आणि बरोबर त्याखाली जमिनीवर एक गोल शिळा आहे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळात येतो म्हणून लोक रात्री गर्दी करतात, पण मला तो मंडप दुपारी पाहण्याजोगा वाटतो. ऊन खालच्या दगडावर पडते आणि तेथून वर उसळून कड्याच्या आतल्या बाजूच्या शिल्पांना खालून उजळते. आपण ती पाहतो ती मुख्यतः फरशीने उसन्या दिलेल्या प्रकाशात. तेथून पुढे सभामंडपात जाळ्यांतून गाळलेला उजेड, त्यापुढे अंतराळ, आणि शेवटी गाभाऱ्यात जवळजवळ काळोख.

आता समईकडे येऊ. तेलाने माखलेला काळा पाषाण हा पडलेल्या प्रकाशातला फारच थोडा भाग परत देतो, पण त्याची झिलई ज्योतीचे इवलेसे प्रतिबिंब मूर्तीच्या प्रत्येक गोलाईवर उमटवते. कपाळावर एक ठिणगी, गालावर एक, खांद्यावर एक. आपण हललो की त्या ठिणग्या सरकतात, ज्योत हलली की थरथरतात, आणि दगड स्थिर असूनही मूर्ती आपल्याकडे पाहत असल्यासारखी वाटते. चार फुटांची ट्यूब लावली की ठिणगीऐवजी एक लांब पांढरा ओरखडा उमटतो. त्यातच सभोवार पांढऱ्या फरशा असल्या की डोळा त्या पांढऱ्याशी जुळवून घेतो आणि मधली मूर्ती म्हणजे एक काळा आकार उरतो. पहिल्या प्रश्नात पांढऱ्या भिंतीची शिफारस करून येथे तीच भिंत मी नाकारतो आहे, हे खरे. पण ओसरीवर तांदूळ निवडायचे असतात आणि गाभाऱ्यात एकच वस्तू पाहायची असते. फरशा काढणे गावात जमणार नसेल, तर निदान ट्यूब दरवाजाच्या आतल्या बाजूला, मूर्तीकडे पाठ करून बसवावी आणि ती फक्त साफसफाईच्या वेळी लावावी.

प्रश्न : कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस वर्षातून दोनदाच का येतात? आणि एखाद्या वर्षी किरणे मूर्तीच्या मुखापर्यंत का पोहोचत नाहीत? (एक शिक्षिका, इचलकरंजी)

उत्तर : हे दिवस परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी असे मानले जातात. दोन्ही त्रिकांच्या मधला दिवस घेतला, तर १० नोव्हेंबरपासून दक्षिणायनाच्या टोकापर्यंत म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत सुमारे एक्केचाळीस दिवस होतात, आणि तेथून १ फेब्रुवारीपर्यंतही तेवढेच. सूर्य दक्षिणेकडे जाताना क्षितिजावरच्या ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर परततानाही मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर या दिवशी तो बिंदू ठीक पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेकडे येतो. पश्चिमाभिमुख देवळाच्या द्वारांची आणि मंडपांची सलग मोकळी रांग त्या बाजूला रोखलेली आहे, म्हणून मावळतीचे ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात शिरते.

तीनच दिवस का, याचेही उत्तर मोजता येते. त्या सुमारास मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंशांनी सरकते; सूर्याचे बिंबच अर्ध्या अंशाहून थोडे मोठे असते. इतक्या लांब आणि अरुंद वाटेत दोन-तीन दिवसांचे सरकणे खपते, त्याहून अधिक नाही. दर दिवशी किरण चरणांपासून वर चढत जातो तो सूर्य खाली उतरत असल्यामुळे. सूर्य जितका क्षितिजाजवळ, तितका किरण आडवा, आणि तितका तो मूर्तीवर उंच पोहोचतो. मुखापर्यंतचा प्रवास म्हणूनच अगदी शेवटच्या काही मिनिटांचा असतो, आणि नेमक्या त्याच मिनिटांत सूर्य क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर, म्हणजे ढग, धुके, धूळ आणि इमारती यांच्या पट्ट्यात असतो. शंभर मीटर अंतरावर साडेतीन मीटर उंची म्हणजे दोन अंश. एखाद्या घराने चढवलेला एक मजला किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी एवढी आडवी आली तरी मुखावरचा किरण जातो.

आणखी एक गोष्ट पुढच्या वेळी पाहा. किरण प्रत्यक्ष पोहोचण्याआधीच गाभारा उजळू लागतो, कारण इतक्या तिरप्या कोनात कोणतीही गुळगुळीत फरशी आरशासारखी वागते आणि समोर पडलेले ऊन पुढे ढकलते.

प्रश्न : बार्सिलोना पॅव्हिलियनची छायाचित्रे पाहताना खरी भिंत कोणती आणि प्रतिबिंब कोणते, हे मला अनेकदा कळत नाही. आराखडा तर अगदी साधा आहे. प्रतिबिंबांचा हा गोंधळ मुद्दाम केलेला आहे का? (वास्तुकलेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : मुद्दाम केला असे म्हणायला आधार आहे, कारण साहित्याची निवडच तसे सांगते. स्पेनमधील बार्सिलोना येथे भरलेल्या १९२९च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांनी लिली राइख यांच्यासह हे जर्मन दालन उभारले. पुढच्याच वर्षी ते उतरवले गेले आणि १९८६ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधून पूर्ण झाले. त्यात जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग घासून झिलई दिलेला आहे. क्रोमचा मुलामा दिलेले क्रूसाच्या आकाराचे आठ खांब, हिरवा संगमरवर, सोनेरी ऑनिक्स, वेगवेगळ्या छटांच्या काचा, आणि दोन उथळ जलाशय. छत पेलणारे खांब असे चकाकतात की ते आसपासचे रंग घेऊन स्वतः नाहीसे होतात, आणि काहीही न पेलणारी ऑनिक्सची भिंत मात्र सर्वांत भारदस्त दिसते.

या वास्तूत मला सर्वांत आवडणारी गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिलेली आहे आणि ती छायाचित्रात चटकन लक्षात येत नाही. ऑनिक्सच्या भिंतीतला आडवा सांधा बरोबर मध्यावर, साधारण उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आहे. त्यामुळे डोळ्यांच्या वर जेवढी खोली दिसते तेवढीच खाली. जमिनीचा ट्रॅव्हर्टाइन दगड छतापेक्षा गडद, पण त्याच्यावर प्रकाश थेट पडतो. छताचा गिलावा पांढरा, पण त्याला मिळतो तो फक्त जमिनीवरून उसळलेला प्रकाश. परिणामी दोन्ही जवळजवळ सारखेच उजळ दिसतात. छायाचित्र उलटे धरले तर काही क्षण कळत नाही, ते याच कारणाने. तुमचा गोंधळ केवळ आरशांचा नाही, छतालाही आपला उजेड जमिनीकडून उसना घ्यावा लागतो आणि त्या व्यवहारामुळे वर-खाली हा भेदच पुसट होतो.

मीस यांचे हे दालन दूर आहे, म्हणून जवळचे एक उदाहरण पाहायला सुचवतो. तुमच्याच शहरात चार्ल्स कोरिया यांनी ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेची वास्तू केली. तेथे प्रवेशाजवळच्या भिंतींत खाली आपला ओबडधोबड काळा बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि त्याच्या वर झिलई दिलेला काळा ग्रॅनाइट असे थर आहेत. रंगाच्या दृष्टीने तिन्ही काळेच, फरक फक्त पोताचा. बेसाल्ट उजेड गिळतो, कडप्पा थोडा परतवतो आणि वरच्या ग्रॅनाइटमध्ये आभाळ उतरते. काळ्यावर काळ्यावर काळे, आणि शेवटच्या काळ्यात ढग चालताना दिसतात. ज्या संस्थेचा विषयच आकाश आहे तिच्या दारात याहून समर्पक काय करता आले असते, मला सुचत नाही. पावसाळ्यातल्या उघडीपीच्या दिवशी जा. वही न्या, मोबाइल खिशात ठेवा. कॅमेरा प्रतिबिंब आणि पृष्ठभाग एकाच प्रतलात चपटे करतो, डोळा मात्र कधी दगडावर तर कधी दगडातल्या ढगावर स्थिरावतो, आणि हे मागे-पुढे जाणेच तेथे अनुभवायचे आहे.

प्रश्न : दिवसा आमच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसते, रात्री मात्र त्याच काचेत आमचेच घर दिसते. काच तीच असताना असे का? (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर : साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्के नेहमीच परत पाठवते, दिवसाही आणि रात्रीही. दिवसा टेकडीवरून येणारा प्रकाश इतका असतो की घराचे ते आठ टक्के त्यात बुडून जातात. रात्री बाहेरून काहीच येत नाही, म्हणून तेवढेच शिल्लक राहते. टेकडीवरचे दिवे रात्री पाहायचे असतील तर खोलीतले दिवे खाली उतरवा, म्हणजे काचेकडे न वळलेला, टेबलापुरता उजेड देणारा एखादा दिवा ठेवा.

प्रश्न : चित्रकलेची खोली उत्तरेकडे असावी, तेथे कधीच ऊन येत नाही, असे सर्वजण सांगतात. मी तशी खोली बांधली आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी चित्रफलकावर ऊन येते. माझी दिशा चुकली का? (एक चित्रकार, पुणे जिल्हा)

उत्तर : दिशा चुकली नाही, नियम उसना घेतलेला आहे. तो लंडन-पॅरिसच्या अक्षांशावरचा नियम आहे; तेथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच राहतो. पुणे साधारण साडेअठरा अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. आणि या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो. अर्थात त्या दुपारचा त्रास फारसा नसतो. २१ जूनलाही सूर्य माथ्यापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला असतो आणि वीतभर छज्जाही त्याला अडवतो.

खरा त्रास सकाळ-संध्याकाळचा आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. जूनमध्ये हे अंतर सुमारे पंचवीस अंशांपर्यंत जाते. जूननंतर ढग तुमची बाजू घेतात, म्हणून तक्रार एप्रिल-मे महिन्यांपुरती दिसते. या तिरप्या उन्हाला आडवा छज्जा काही करू शकत नाही. खिडकीच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना दीड-दोन फुटांच्या उभ्या पडद्या (पातळ भिंती) बांधून घ्या आणि त्यांची खिडकीकडची बाजू पांढरी ठेवा, म्हणजे त्यांनी अडवलेले ऊन वाया न जाता उजेड होऊन आत येईल.

मुंबईच्या गिरणगावात साचेखात्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत. तेथेही हे तिरपे ऊन येणारच, पण रांगेतला प्रत्येक दाता पुढच्याच्या काचेवर पाठीने सावली धरतो, आणि एक दाता दुसऱ्याच्या पाठीवरून उजेड घेतो.

प्रश्न : बंगल्याच्या जिन्यावर काचेचे छत टाकले. उजेड भरपूर आहे, पण दुपारी जिन्यात उभे राहवत नाही आणि पायऱ्यांवर पट्टे पडतात. काच काढून टाकावी का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : काढू नका, तिच्याखाली काहीतरी टांगा. अमेरिकेत टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे लुई कान यांनी बांधलेले किंबेल कला संग्रहालय १९७२ मध्ये खुले झाले. टेक्साससारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात, आणि तेही चित्रांच्या दालनात, त्यांनी प्रत्येक कमानी छताच्या माथ्यावर लांबच लांब चीर ठेवली. मात्र त्या चिरेखाली पंखांच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे परावर्तक टांगले. ऊन त्यांच्यावर पडते आणि उसळून काँक्रीटच्या कमानीच्या आतल्या अंगावर पसरते, आणि चित्रांवर उतरतो तो कमानीवरून आलेला मंद चंदेरी उजेड. एरवी जड आणि मख्ख वाटणारे काँक्रीट तेथे उजळून निघते. पत्र्याला बारीक छिद्रे आहेत, तीही विचारपूर्वक. नाही तर लख्ख छतासमोर तो परावर्तक खालून काळा पट्टा दिसला असता.

तुमच्या जिन्यासाठी इतके अवघड काही लागत नाही. काचेच्या हातभर खाली, काचेपेक्षा थोडा रुंद असा पांढरा छिद्रांचा पत्रा किंवा ताणलेले पांढरे कापड लावा आणि जिन्याच्या भिंतींचा वरचा भाग पांढरा ठेवा. पट्टे जातील. उष्णतेसाठी मात्र काचेच्या कडेला गरम हवा निघून जायला फट हवी, नाही तर पत्रा आणि काच यांच्यामध्ये भट्टी तयार होईल. काचेवर पांढरा रंग मारण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो पहिल्या पावसापर्यंत टिकतो.

बाहेरच्या काचांविषयीही एका मुंबईकर वाचकाने विचारले आहे की, समोरच्या काचेच्या इमारतीतून ऊन घरात येते, हे शक्य आहे का. शक्य आहे. २०१३ मध्ये लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरील एका नव्या, आत वळलेल्या काचेच्या उंच इमारतीने रस्त्यावर ऊन असे एकवटले की उभ्या मोटारीचे काही भाग वितळले. नंतर तिला आडव्या पट्ट्यांची झापड बसवावी लागली. तुमच्यासमोरची इमारत सपाट असेल तर एवढे होणार नाही, पण पूर्वेच्या घरात संध्याकाळी ऊन येऊ लागेल. त्यावर उपाय तुमच्या खिडकीबाहेरच करावा लागेल, आतला पडदा उष्णता फारशी अडवत नाही.

प्रश्न : गावाकडच्या घराच्या कौलांत फटी आहेत, त्यांचे आकार वेडेवाकडे, तरी जमिनीवर पडणारे कवडसे गोल कसे? हा प्रश्न माझ्या सहावीतल्या मुलाचा आहे. (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : कारण कवडसा हे फटीचे चित्र नसून सूर्याचे चित्र आहे. फट पुरेशी लहान आणि जमीन पुरेशी लांब असली की फटीचा आकार पुसला जातो आणि सूर्याचे बिंब उरते. त्याची रुंदी फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एकशेनववा भाग असते. फट जमिनीपासून तीन मीटर उंचीवर असेल तर दुपारचा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सकाळी-संध्याकाळी तो लांबट होतो, पण त्याच्या आड एक पुठ्ठा किरणाला काटकोनात धरला की पुन्हा गोल होतो. मुलाला पट्टी द्या आणि मोजू द्या. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे, आणि त्या वेळी हे सगळे कवडसे एका बाजूने कुरतडलेले दिसतील. कोकणातला ऑगस्ट असल्याने ऊन मिळेलच असे नाही, तरी पुठ्ठा जपून ठेवावा.